ओवाळणीत दिलेला पत्ता

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पाय बांधणं.

मिठागरावरून आलो की ते रोजचंच होतं. आधी विहिरीच्या गोड्या पाण्यानं पाय धुवायचे. बोटांच्या बेचक्यांतून फडकं फिरवून कोरडे करायचे. मग करंजाचं तेल, करंजेल, चोळायचं आणि जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायची. दिवसभर वाकून आलेल्या माणसाला स्वतःच्या टाचेपर्यंत हात नेववत नाही. म्हणून ती माझे पाय बांधायची, मी तिचे. लग्न झाल्यापासून हेच चाललेलं. आमच्या जूचंद्र गावात मिठागरावर जाणाऱ्या पुष्कळ घरांत तेव्हा असंच होतं.

पौष महिना होता. ऊन मऊ पडलं होतं. मी ओटीवर भिंतीला टेकून बसलो आणि तिनं माझा पाय मांडीवर घेतला.

"घट्ट बांधू नको," मी म्हणालो.

"सैल बांधली का सुटते, घट्ट बांधली का तुमी बोलता. पायांना पन तोंड फुटलंय तुमच्या."

दोन्ही पाय बांधून झाले. मी म्हटलं, आता तुझे दे. ती म्हणाली, "मंग. जरा पडते." आत गेली आणि चटईवर आडवी झाली. चहाच्या वेळी हाक मारली तर उठली नाही. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. लिहून काही बदलत नाही.

संध्याकाळी बाया जमल्या. तिला न्हाऊ घातलं. आमच्यात सवाशीण गेली की माहेरचं लुगडं येतं, भाऊ आणतो. एका म्हातारीनं विचारलं, "माहेरचं कोन हाय?" तिला भाऊ नव्हता हे सगळ्या गावाला ठाऊक. आईबाप तर केव्हाच गेलेले.

मी म्हणालो, "एक भाऊ हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांना वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. तिरडी उचलायच्या आधी मी बसून तिचे दोन्ही पाय पुसले, तेल लावलं आणि पट्टी बांधली. एकजण म्हणाला, असं करीत नसतात. मी म्हटलं, माझी पाळी राहिली होती.

भावाचं सांगायचं तर तिथून सोळा वर्षं मागं जायला पाहिजे. एकाहत्तर साली.

त्या साली दसरा झाला आणि एका सकाळी उठून बघतो तर गावाबाहेर, मिठागराच्या कडेच्या मोकळ्या जागेत तंबू उगवले होते. धुकं होतं. तंबू खाली कुठं टेकलेत ते दिसत नव्हतं, नुसती टोकं दिसत होती, भरतीला खाडीत होड्या दिसतात तशी. मला अजून ते सगळं तसंच आठवतं, अर्धं धुक्यात. त्यामुळं काही गोष्टी मागंपुढं झाल्या असतील तर झाल्या.

पलटणीला राजस्थानात जायचं होतं, वाळवंटात. वसई रोडच्या यार्डात गाडीचे डबे मिळेपर्यंत इथं मुक्काम. लढाई लागणार असं कोणी तोंडानं बोलत नव्हतं. त्यांच्याबरोबर एक डॉक्टर साहेब होता, चष्मेवाला, बारीक. डबे येईपर्यंत त्याला प्रत्येक माणूस वाळवंटासाठी तयार करायचा होता.

माझ्याकडं बैलगाडी होती. दोन पिंपं ठेवून रोज पाणी पोचवायचं काम मला मिळालं. पहिल्याच दिवशी साहेबानं पिंपात पांढरी पूड टाकली. तिचा वास नाकात गेला आणि माझं डोकं तडकलं.

"साहेब, गावातली सगळ्यात गोड विहीर आहे ही. नासवता कशाला?"

"तिकडं गोड विहीर नाही," तो म्हणाला. "जिभेला आत्तापासून सवय करतोय. तुम्हीही एक पेला प्या."

प्यालो. दिवसभर तोंडाला तीच चव. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरा झाला. आथा भांडाल तरी कमी."

एका सकाळी सगळ्यांना सुया दिल्या. स्टोव्हवर पातेल्यात सुया उकळत होत्या आणि माणसं शर्ट काढून रांगेत उभी. एक टायफॉइडची, एक धनुर्वाताची, आणखी कसलीतरी. दुपारपर्यंत अर्ध्यांना ताप भरला. तंबूंच्या सावलीत ते ओळीनं पडलेले, किनाऱ्यावर मासळी वाळत घालतात तसे. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब पांढऱ्या फरशीवर घेतला. कोणाचं रक्त कुठल्या जातीचं ते बघून तसा बिल्ला गळ्यात घातला. माणसाच्या गळ्यात त्याचं रक्त लिहून टांगलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग पाण्याचा सराव. उगवतीपासून मावळतीपर्यंत एकच बाटली. सकाळी धान्याच्या काट्यावर माणसं तोलायची, उन्हात चालवून आणायची आणि पुन्हा तोलायची. किती कमी भरला तेवढा घाम गेला, तेवढं पाणी आणि चिमूटभर मीठ परत द्यायचं. गावातल्या बाया बांधावरून बघायच्या आणि हसायच्या. आमच्या मिठाचं आम्हाला कौतुक नव्हतं. साहेब मात्र एकेका चिमटीला औषध म्हणायचा.

एक क्लॅरिनेटवाला जवान मला पाण्याच्या गाडीवर भेटला. साताऱ्याकडचा, पंचवीस-सव्वीसचा असेल. विहिरीवर माझ्याबरोबर यायला त्याला नेमलेला. पलटणीच्या बँडमधला होता. मला तेव्हा कळलं की लढाईच्या वेळी बँडवाले वाजवत नाहीत. वाद्यं पेट्यांत बंद होतात आणि त्यांच्या हातात स्ट्रेचर येतं, जखमी उचलायला. आम्ही त्याला डोली म्हणायचो. त्यांचा सराव खाडीच्या वाळूत चाले. चौघं डोली घेऊन पळायचे आणि एक धट्टाकट्टा जवान जखमी होऊन मजेत वर झोपायचा.

माझे पाय बघून तो म्हणाला, "दाजी, हे पाय हायत का बाभळीची खोडं?"

"दाजी कोणाचा? तुझी बहीण दिलीय का मला?"

"दिली न्हाई, पर तुमच्या घरातली चहा पाजती, ती माझी आक्काच की."

तिथून मी दाजी आणि ती आक्का. मी पण गंमत केली. म्हटलं, "आमचे पाय मिठाच्या पाण्यात पिकलेत. तासभर उभा राहा, तुझेही पिकतील. मग वाळवंट काय करतंय."

मी बोललो आणि विसरलो. तो विसरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट काढून आमच्या मिठाच्या वाफ्यात जाऊन उभा राहिला. तासभर. आम्ही त्या दिवसांत वाफ्याची जमीन पायांनी तुडवून घट्ट करायचो. पण आम्ही उतरायचो ते तेल लावून, पट्ट्या बांधून. त्याच्या पायांना नव्या बुटांचे फोड होते. ते खाऱ्या पाण्यानं खाल्ले. संध्याकाळी उजवी टाच अशी झाली होती की बघवेना.

साहेबानं पाहिलं. ओरडला नाही. म्हणाला, "दहा दिवसांनी पायांची तपासणी आहे. कातडी जुळली असेल तर गाडीत. नाहीतर मागं राहा."

मला वाटलं, बरं झालं, सुटला. पण गाडीवर माझ्या शेजारी बसून तो रडायच्या बेताला आलेला. म्हणाला, "दाजी, आम्ही चौघं सहा वर्सं एका चालीवर चालतोय. डोळं मिटून ऐका, चौघांचं पाऊल एकदम पडतंय. नवा माणूस घातला की डोली हलती. पोटात गोळी लागलेला माणूस हलला की गेला."

चूक माझ्या तोंडाची होती. मी त्याला घरी आणला आणि बायकोला म्हटलं, "हा पाय बरा कर."

साहेबही मागोमाग आला. त्याला तिचे पाय बघायचे होते. तिनं ते लुगड्याखाली ओढून घेतले. "बाईमानसाचं पाय काय बघायचं?"

तो सरळ अंगणात उकिडवा बसला. "बाई, माझ्या माणसांचे पाय तिकडं तापलेल्या वाळूत जाणार आहेत. तुम्ही वर्षानुवर्षं खाऱ्या चिखलात उभ्या राहता आणि तुमची टाच शाबूत आहे. हे मला कोणी शिकवलेलं नाही. तुम्ही शिकवा."

तिनं मग पाय पुढं केले. धुणं, पुसणं, तेल, पट्टी, सगळं सांगितलं. त्यानं कागदावर लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून तपासणीच्या रांगेतले जवान एकमेकांचे पाय पुसताना दिसायला लागले. क्लॅरिनेटवाल्याला रोज सकाळी आमच्या ओटीवर यायची परवानगी मिळाली.

ते दिवस माझ्या मनात एकच लांब सकाळ होऊन राहिलेत. तो पाय पुढं करून बसायचा. ती टाच धुवायची. त्याचे हात मोकळे, तर बोटं ओटीच्या कडेवर नाचायची. वाद्य पेटीत बंद, पण बोटांना कोण बंद करणार. आवाज कसला तो नाही. ती मान खाली घालूनच ऐकायची, कसं ऐकायची देव जाणे. म्हणायची, "ही वरातीतली." तो म्हणायचा, "व्हय." थोड्या वेळानं म्हणायची, "ही नाय माहीत." तो म्हणायचा, "ही मेल्यावर वाजवत्यात." मग ती पाण्याचा लोटा वाजवून खाली ठेवायची. मागं मिठागरात पाणी चकाकत असायचं, आकाश खाली उतरल्यासारखं, आणि त्यात माणसं उलटी चालताना दिसायची.

चार दिवस गेले. टाच जुळेना. कडा लाल आणि मध्ये ओलं. तिच्या हाताला गुण होता. गावात कोणाचाही पाय तिनं चार दिवसांत बरा केला असता. मला शंका आली. तो निघून गेल्यावर मी लोट्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारं. मिठागरातलं पाणी.

"हे काय करतेस?"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फडकं पिळत होती. "उघडा राहू दे. बरा झाला का जाईल मरायला. माझ्या हातानं बरा झाला म्हनून जाईल."

"त्याला जायचंय."

"त्याला काय कलतंय. तुमी तोंडानं त्याचा पाय फोडला, मी हातानं उघडा ठेवते. दोगांचं मिलून एक मानूस जगतोय. गप ऱ्हावा."

मी लोटा होता तिथं ठेवून दिला. डोलीवरचा माणूस मी पाहिला नव्हता. हा समोर होता.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. ती दरवर्षी अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची आणि आत येऊन लगेच जेवायला वाढायची. त्या वर्षी तिनं सकाळीच पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. आमच्या गावच्या बाया रांगोळीत कमी नाहीत. तो आला, टोपी घालून पाटावर बसला, दुखरा पाय बाजूला काढून. तिनं निरांजन लावलं. तबक उचललं.

तो म्हणाला, "आक्का, थांब. लोट्यात काय असतं ते मला पहिल्या दिवसापासनं ठावं हाय."

तिचा हात तसाच राहिला.

"झोंबतंय की. कळणार न्हाई व्हय?"

"मंग बोललास का नाय?"

"बोललो न्हाई." तो रांगोळीकडं बघत होता. "दोन दिवस मलाबी वाटलं, बरंच हाय. खोटं कशाला बोलू. मग काल माझ्या जागी दुसरा घातला सरावाला. मी कडेला बसून बघत हुतो. डोली एका अंगाला कलली आणि वरचा खाली पडला. सगळी हसली. ती तिघं हसली न्हाईत, माझ्याकडं बघत हुती." मग म्हणाला, "भाऊबीजेला भावानं द्यायचं असतं. मी मागायला आलोय."

निरांजनाची वात तिरपी झाली होती. मला आठवतं की बाहेर कोणीतरी गुरं हाकत होतं आणि तो आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला. तिनं तबक माझ्या हातात दिलं. "धरा." लोटा उचलून अंगणात रिता केला. घागर घेऊन विहिरीवर गेली. मी तबक धरून उभा, तो पाटावर. आली, गोड्या पाण्यानं टाच धुतली, फुंकर घालून कोरडी केली, करंजेल लावलं आणि पट्टी बांधली. गाठ बाहेरच्या बाजूला, बुटात टोचू नये म्हणून. मग हात धुतले, माझ्याकडचं तबक घेतलं आणि त्याला ओवाळलं.

त्याच्याकडं द्यायला काही नव्हतं. खिशात बँडेजच्या पुडीचा रिकामा कागद होता. त्यावर पेन्सिलीनं त्यानं आपलं नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिलं आणि तबकात ठेवलं. "ही ओवाळणी. बोलवशील तवा येईन."

पुढचे पाच दिवस ती एकदा नाही, दिवसातून दोन वेळा पट्टी बदलायची. टाचेवर गुलाबी कातडी आली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

तपासणीच्या दिवशी सगळे खोक्यांवर ओळीनं बसले, अनवाणी. मी पाणी घेऊन गेलेलो, ती गाडीमागं उभी. साहेब एकेक पाय हातात घेऊन बोटं फाकवून बघत होता. क्लॅरिनेटवाल्याची टाच त्यानं अंगठ्यानं दाबली.

"दुखतंय?"

"न्हाई, साहेब."

साहेबाला ते पटलं नाही. त्यानं मान वर केली आणि तिला शोधलं. "बाई, पाय तुम्ही बांधलाय. खरं सांगा, चालेल का हा?"

सगळी रांग तिच्याकडं बघायला लागली. त्यानं नाही बघितलं. तो आपल्या टाचेकडं बघत होता. ती नाही म्हणाली असती तर तो तिथंच राहिला असता आणि तिला कोणी विचारलंही नसतं. ती किती वेळ थांबली मला सांगता येत नाही. मला तो वेळ फार मोठा वाटला, पण बैलानं तेवढ्यात एकदाच शेपटी हलवली होती.

"चालंल," ती म्हणाली.

दोन दिवसांनी तंबू गेले. यार्डाकडं जाताना बँडवाले डोल्या खांद्यावर घेऊन चालले होते. त्या चौघांची पावलं खरंच एकदम पडत होती. आम्ही बांधावर उभे होतो. तो वळला नाही. एक हात मागं करून नुसती बोटं हलवली, कुठल्यातरी चालीवर. मी विचारलं, कुठली? ती म्हणाली, "वरातीतली." खरं की खोटं मला माहीत नाही.

मार्गशीर्षात लढाई लागली. गावात दिवे झाकायचे. दुकानावर रेडिओ होता, माणसं उभी राहून ऐकायची, ती जायची नाही. पंधरवड्यात लढाई संपली.

मी म्हटलं, "पत्ता आहे. मला चार अक्षरं येतात, तिसरीपर्यंत शिकलोय. लिहू?"

"नको."

"का नको?"

"मी बोल्ले चालंल. चालला का नाय ते मला कागदावर नको."

पुन्हा दोन-तीनदा विचारलं, तेच उत्तर. तो कागद तिनं कुंकवाच्या करंड्यात, आरशामागं घडी करून ठेवला. त्यानंतर तिनं चंद्राला कधी ओवाळलं नाही. भाऊबीजेला पाट मांडायची, भोवती रांगोळी काढायची आणि रिकाम्या पाटाला ओवाळायची. गावातल्या बाया विचारायच्या, हे काय. ती म्हणायची, "माझा भाव लांब नोकरीला हाय." सोळा वर्षं. मी एकदाही तिला म्हटलं नाही की त्याच्याकडूनही पत्र आलं नाही. पत्ता त्याचा आमच्याकडं होता. आमचा त्यानं विचारलाच नव्हता, असं मी माझ्या मनाला सांगायचो. ती तिच्या मनाला काय सांगायची ते मला ठाऊक नाही. पाय बांधताना कधीकधी तिची बोटं माझ्या घोट्यावर थांबायची, आणि मग हळूच हलायची, एकामागून एक. मी डोळे मिटून घ्यायचो.

आता माझी ऐंशी उलटली. मिठागर राहिलं नाही, त्या मोकळ्या जागेवर इमारती झाल्या. ती जाऊन किती वर्षं झाली ते पोरं मोजतात, मी मोजत नाही. मला ती गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ तेवढी नीट आठवते, सगळं धुकं असूनसुद्धा.

उठलो तेव्हा पायांवर तिनं बांधलेल्या पट्ट्या तशाच होत्या. घट्ट. स्मशानात जाऊन आलो होतो, अंघोळ केली होती, तरी सोडल्या नव्हत्या. भिजून अंगावरच वाळल्या होत्या. सोडाव्याशा वाटल्या नाहीत. करंडा उघडला. आरसा काढला. कागद पिवळा झाला होता आणि पेन्सिल फिकी पडली होती, पण उजेडाकडं धरल्यावर गाव लागलं, तालुका लागला. बहीण गेली की भावाला कळवायचं असतं. तो असो नसो, कळवायचं माझ्याकडं होतं.

पोस्टात जाऊन कार्ड घेतलं. पोस्टमास्तर म्हणाला, सांगा, मी लिहितो. मी म्हटलं, नको. काउंटरच्या कडेला उभा राहून मोठ्या अक्षरांत लिहिलं: तुझी आक्का काल वारली. माहेरचं लुगडं राहिलं. टाच कशी आहे ते कळव. खाली सही केली, दाजी. आमचा पत्ता नीट लिहिला, दोनदा, एकदा वर आणि एकदा खाली.

मग बाहेर येऊन ते लाल पेटीत टाकलं आणि कार्ड तळाला पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथं उभा राहिलो.